अण्णांच्या तेलाचं विरजण

शेवटी भूपालअण्णा मगदुमांनी मला गाडीखाली घातलं. भर दुपारी, बाजाराच्या मैदानावर, माझी होणारी बायको शेजारच्या सीटवर बसलेली असताना. माझा उजवा पाय गेला. म्हणजे जागेवर आहे, पण आता माझ्या मताने चालत नाही.

हे तुम्ही वाचलेलं नाही असं धरून चाला. मीही लिहिलेलं नाही असंच धरतो. संबंधित खात्याच्या पत्रानुसार त्या दुपारी मैदानावर 'वाहनाची कोणतीही अनुचित हालचाल' झालेली नाही, आणि खात्यापेक्षा मला जास्त माहिती आहे असा आव आणायला मी काही पेपरवाला नाही. तर काहीच झालेलं नाही, इथून सुरुवात करू.

मी धैर्यशील गावडे. जयसिंगपुरात सहाव्या गल्लीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमचं गाव पट्टीने रेघा मारून वसवलेलं. गल्ल्या सरळसोट. कुणी अंगावर गाडी घालायची ठरवलीच तर ती लांबून दिसते. तोटा एवढाच, की तिलाही आपण लांबून दिसतो.

ऊसपट्ट्यात तेव्हा सगळ्या गाड्या इथेनॉलवर धावत होत्या आणि सगळ्या ऑटोमॅटिक झाल्या होत्या, अगदी ट्रॅक्टरसुद्धा. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या असायच्या. त्या कधी आणि किती दाबायच्या हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवायचा, आणि मालक धसमुसळा आहे की निवांत हे तो हळूहळू शिकायचा. तेल बदललं की चकत्यांची पकड बदलायची, शिकलेलं वाया जायचं आणि गाडी काही दिवस झटके द्यायची. पुढे चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की आठवण कॉम्प्युटरऐवजी तेलातच ठेवू.

त्या तेलात लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. चुंबक चालू केलं की ते रांगा धरतात, तेल घट्ट होतं आणि स्वतःच पकड घेतं. चकत्यांची गरज उरत नाही. चुंबक बंद केलं की रांगा मोडतात, पण पुरत्या मोडत नाहीत. माळावर रोज त्याच बाजूने गुरं गेली की वाट पडते, तसा तेलात माग राहतो. पुढच्या कॅमेऱ्याला चढ दिसला, वळण दिसलं, की मागच्या वेळी मालकाच्या पायाने काय केलं होतं ते तेलाला आठवतं, आणि पाय हलायच्या आत गाडी स्वतःच रेस घेते. कंपनीच्या पुस्तकात याला 'मालकाच्या इच्छेचा आदर' असं म्हटलं होतं. आदर फार वाईट असतो हे कंपनीला माहीत नव्हतं.

भानगड दुरुस्तीनंतर व्हायची. गिअरबॉक्स उघडला, नवं तेल भरलं, की तेल कोरं. गाडी कधी जागच्या जागी गुरगुरायची, कधी चढावर हातपाय गाळायची, कधी शेजाऱ्याच्या फाटकात शिरायची. कंपनी म्हणायची, दोनेक महिने सावकाश चालवा, शिकेल. जयसिंगपूर दोन महिने सावकाश चालवणाऱ्यांचं गाव नाही. त्यावर दिलावर मुजावर मिस्त्रीने उपाय काढला. हा माणूस स्वतःला गिअरबॉक्सचा सर्जन म्हणवायचा, गॅरेजवरच्या फ्लेक्सवर स्टेथोस्कोप घातलेला फोटो लावायचा. फ्लेक्स मीच छापला होता. त्याचा उपाय साधा होता: विरजण. नव्या तेलात वाटीभर जुनं, शिकलेलं तेल घालायचं आणि गाडी रात्रभर चालू ठेवायची. जुन्या कणांच्या रांगा कोऱ्या कणांना आपल्यात ओढून घेतात. सकाळी सगळं तेल लागलेलं असतं.

आता विरजण कुणाच्या घरचं आणायचं, हे आपल्याकडे कुठल्याही बाईला कळतं. ज्यांचं दही गोड, त्यांच्या घरचं. दिलावरभाईने गावातला सगळ्यात गोड माणूस निवडला. भूपालअण्णा मगदूम, बी-बियाण्यांचे दुकानदार. मुंगी दिसली तर चप्पल उचलून बाजूने जाणारे. सूर्य मावळायच्या आत जेवणारे. गाडी अशी चालवायचे की मागच्या सीटवरची रोपं त्यांच्या दुकानापेक्षा गाडीत जास्त जोमाने वाढायची. अण्णांचं तेल दिलावरभाईने दुधाच्या किटलीत भरून ठेवलं आणि बघता बघता निम्म्या गावाच्या गाड्यांना लावलं. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी त्याच्याकडून वाटी-वाटी नेलं.

याच अण्णांच्या मुलीशी, सन्मतीशी, माझं लग्न ठरलं होतं. आमची जात वेगळी, आमच्या घरी रविवारी रस्सा. तरी अण्णांनी हसत होकार दिला. मला 'धैर्यशीलराव' म्हणायचे, घरी गेलो की स्वतः उठून पाट मांडायचे. कुणी आपल्याला इतका मान देत असेल तर सावध व्हावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला वार दुधाच्या टेम्पोने केला. मी दुकान उघडायला चाललो होतो. टेम्पो चौकात उभा होता, मी दिसताच त्याने डरकाळी फोडली आणि सरळ माझ्यावर आला. मी पानटपरीमागे उडी घेतली. टपरी गेली. पानवाल्याचा हात कोपरात उलटा वळला, कात आणि रक्त यांचा रंग वेगळा असतो हे मी तेव्हा पाहिलं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला की त्याने काहीच केलं नाही. मी त्याला दोन थोबाडीत मारल्या. नंतर माफी मागायला गेलो तेव्हा तोच टेम्पो पुन्हा अंगावर आला, त्यामुळे माफी अर्धीच राहिली.

मग कचऱ्याची घंटागाडी, स्वच्छतेचं गाणं वाजवत. तिने मला गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं आणि शिंपीकाकांचं मशीन शिंपीकाकांसकट भिंतीत बसवलं. काकांच्या बरगड्या मोडल्या, मापं मात्र त्यांनी दवाखान्यातूनही बरोबर सांगितली. त्यानंतर शववाहिका. आत मयत होतं. तीही आली, फूटपाथ चढून, हार उधळत, आणि विजेच्या खांबावर आपटून थांबली. मयत काचेतून अर्धं बाहेर. मागून येणाऱ्या नातलगांनी मलाच धरून मारलं, कारण मेलेल्या माणसाला वाचवता न आल्याचा राग कुणावर तरी काढावा लागतो.

गावातल्या पुढाऱ्यांनी बैठक घेतली. शेकडो गाड्या गावाबाहेर ठेवण्यापेक्षा एका माणसाने गाव सोडणं सोपं पडेल असं ठरलं. तोवरची सोय म्हणून चौकाचौकात फ्लेक्स लावायची मला ऑर्डर मिळाली: 'हा इसम दिसल्यास ब्रेकवर पाय ठेवा.' फोटो माझा. मी त्यातल्या त्यात बरा निवडला. एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. फ्लेक्सवरच्या माझ्या चेहऱ्याला एकाही गाडीने काही केलं नाही.

नंतर बापूंना लागलं. बापू म्हणजे माझे वडील, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. आमच्या घराण्याची एक चाल आहे: हात बाहेर फेकायचे, उजवी टाच घासत ओढायची, हनुवटी वर. कुणाचं तरी भांडण जिंकून आल्यासारखी. बापू मंडईतून येत होते. उसाच्या ट्रॅक्टरने दोन भरलेल्या ट्रॉल्यांसकट रस्ता सोडला आणि त्यांना रसवंतीच्या चरकापर्यंत ढकलत नेलं. मी पोचलो तेव्हा डाव्या पायाचं हाड लेंग्यातून बाहेर आलेलं, उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला. सगळीकडे ऊस. बापूंनी माझा हात धरला.

"धैर्या, माझी चूक न्हवती रं. मी नीट चाललोतो."

ॲम्ब्युलन्स आली. बापूंना आत घेतलं, मी मागचं दार लावून ड्रायव्हरशेजारी बसायला समोरून गेलो आणि ॲम्ब्युलन्सने मला पाहिलं. तिने मला बोनेटवर घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं. एका परीने लवकर पोचलो. माझ्या खांद्याचा सांधा निखळला, वॉचमनचे दोन दात पडले. बापूंचे पाय दोन्ही वाचले, पण चाल गेली. कुबड्या घेऊन ते बाहेर पडले तेव्हा एकही गाडी त्यांच्याकडे ढुंकून बघेना. ते गावातले सगळ्यात सुरक्षित माणूस झाले, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

उलगडा सन्मतीने केला. तिला काही दिवसांपासून एक गोष्ट खटकत होती. गावातली प्रत्येक गाडी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कोपऱ्यावर आपोआप हळू होत होती. दिवस कलायला लागला की प्रत्येक गाडीला घरी जायची घाई सुटत होती, ज्यांना रात्री दहाला जेवायची सवय त्यांच्याही. भाजीवाल्याची रिक्षा मुंग्यांची रांग चुकवताना तिने पाहिली आणि तिला कळलं. आख्खं गाव तिच्या वडिलांसारखं चालवत होतं.

ती अण्णांना गाडीसह गॅरेजवर घेऊन आली. कशासाठी ते त्यांना सांगितलं नाही. मला मागच्या दाराने बोलावलं. दिलावरभाईकडे तेल वाचायचं यंत्र होतं. थेंब ठेवला की कशाला बघून तेल किती उसळतं ते पडद्यावर दिसतं. चढ, थोडं. उतार, काहीच नाही. कुत्रा, काहीच नाही. मुंगी, उलट आणखी मऊ. अण्णा चहाचा कप धरून कौतुकाने बघत होते. मग आलेख पडद्याच्या वर निघून गेला आणि खाली रेघांचा एक माणूस चालताना दिसला.

"हा कोण?" अण्णांनी विचारलं.

मी उठलो, माठापर्यंत गेलो, पाणी प्यायलो आणि परत आलो. रेघांचा माणूस आणि मी, हात एकदमच बाहेर फेकत होतो, टाच एकदमच ओढत होतो.

अण्णांच्या हातातला कप खाली आला. वर्षभर, मी रस्त्यात दिसलो की क्षणभर त्यांचा पाय रेसवर दाबला जात होता. पुढच्या क्षणी ब्रेकवर जात होता. बाहेरून कुणाला काही कळायचं नाही. वरून ते मला नमस्कार करायचे.

"मी दर वेळी ब्रेक मारला," ते म्हणाले. "सन्मती, तुझी शपथ. दर वेळी मारला."

"ब्रेकचं तेल येगळं असतंय, अण्णा," दिलावरभाई म्हणाला. "त्येला कोण काय शिकवत न्हाय."

अण्णा तिथून उठून थेट बापूंच्या खाटेपाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. बापूंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, आमची चाल एवढी वाईट आहे का हो. अण्णा म्हणाले, नाही, रुबाबदार आहे. तेच तर.

किटली फोडून उपयोग नव्हता. विरजण एकदा गावात फिरलं की मूळ भांड्याला कोण विचारतं? दिलावरभाईच्या मते इलाज एकच होता. अण्णांच्या तेलाने मला विसरायला शिकायचं, आणि मग त्या तेलाचं नवं विरजण गावाला लावायचं. त्यासाठी अण्णांनी गाडीत बसून माझ्याकडे यायचं, मी समोरून चालायचं, आणि अण्णांच्या पायाने हलायचं नाही. पाय आतून गप्प हवा. वरवरचं तेलाला चालत नाही.

मी सन्मतीला म्हटलं, त्यापेक्षा आपण पळून जाऊ. पुण्यात मी सायकलवर राहीन. ती नाही म्हणाली. अण्णांचा पाय गप्प झाला तर लग्न, नाही झाला तर नाही. तुझ्या जिवासाठी म्हणत नाही, हेही तिने स्पष्ट केलं. मनात खून घेऊन अण्णा रोज पाट मांडणार, आणि आपण दोघांच्या मधे वाढायला उभी राहणार, ते तिला जमणार नव्हतं.

मैदानावर टायरांची भिंत रचली. तिच्या अलीकडे मी, पलीकडून अण्णा. पहिल्याच दिवशी गाडी अशी आली की टायर हवेत उडाले आणि अण्णांचं कपाळ स्टिअरिंगवर फुटलं. रुमाल बांधून ते पुन्हा बसले. पुन्हा आपटले. त्यांनी उपास धरला, जप केला, पायाला सुतळी बांधून घेतली. सुतळी तुटली. गाडीचं तोंड चेपलं, त्यांचं नाक मोडलं, माझ्या पाठीवर टायरांचे वळ उठले. संध्याकाळी दिलावरभाई थेंब बघायचा आणि मान हलवायचा. गाव बघायला यायचं. भेळवाल्यांनी गाडे लावले, फक्त ढकलायचे, इंजिनवाले नव्हे.

दिलावरभाईच्या डोक्यातून आणखी एक कल्पना निघाली: शिकवतोच आहोत तर पक्कं शिकवू. उद्या हा पोरगा पावसात घसरेल, म्हातारपणी लंगडेल, पोतं घेऊन जाईल, कुबड्यांवर येईल. त्यामुळे मला सगळ्या चालींनी चालायला लावलं. बापूंच्या कुबड्या आणल्या. मी माझं सगळं पुढचं आयुष्य त्या मैदानावर चालून दाखवलं आणि अण्णा प्रत्येक वयातल्या मला मारायला धावून आले.

एका दुपारी गाडी टायरांत घुसून बंद पडली आणि अण्णा उतरेनात. नाकातून रक्त. सन्मती शेजारी बसून त्यांचा घाम पुसत होती. मी टायरांवरून चढून खिडकीशी गेलो आणि विचारलं, जातीचं आहे का? रश्श्याचं आहे का? सांगून तरी टाका.

अण्णांनी सन्मतीकडे बोट केलं.

"हिची आई गेल्यापासून ही घरात हसली नव्हती," ते म्हणाले. "मी सगळं करून बघितलं. नकला केल्या. फिरायला नेलं. आणि तुम्ही आलात, फ्लेक्सवर माझं नाव चुकवलंत, आणि ही दोन दिवस हसत होती."

सन्मतीने त्यांच्या नाकाखाली रुमाल धरला आणि म्हणाली, "नकला चांगल्या होत्या, अण्णा. मला हसायचं नव्हतं."

त्यानंतर आलेख उतरायला लागला. आधी पडद्याच्या आत आला, मग अर्ध्यावर, मग तळाला चिकटला. मी लंगडलो, पळालो, पोतं उचललं, कुबड्या टेकल्या, अण्णांचा पाय हलला नाही. दिलावरभाईने शेवटच्या चाचणीसाठी टायर बाजूला काढले. गाव टाळ्या वाजवायला हात वर करून उभं.

गाडी निघाली. आवाज नाही, झटका नाही. काचेमागे अण्णा होते आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून मनापासून हसत होते. मीही हसलो. गाडी जवळ आली. आणखी जवळ आली. अण्णांचा पाय हलला नाही. रेसकडे नाही, आणि ब्रेककडेही नाही. इतके दिवस त्याला एवढंच शिकवलं होतं, की हा माणूस दिसला की काहीच करायचं नाही. तेलही तेच शिकलं होतं. मी बाजूला व्हायला हवं होतं, पण इतक्या प्रेमाने येणाऱ्या गाडीपुढून पळणं बरं दिसलं नसतं. बंपर गुडघ्याला लागला, मी आडवा झालो आणि चाक सावकाश माझ्या पायावर चढलं. हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला, मग सगळ्या मैदानाला. मागचं चाक चढणार तेवढ्यात सन्मतीने हँडब्रेक ओढला.

अण्णा धावत आले, माझं डोकं मांडीवर घेतलं. रडत होते.

"धैर्या," ते म्हणाले. राव गळून पडला होता. "अरे, मला काहीच वाटलं नाही. तुला बघून काहीच वाटलं नाही रे."

त्यांच्यासाठी तो आयुष्यातला मोठा दिवस होता. मी अभिनंदन केलं आणि शुद्ध हरपली.

नवं विरजण गावाला लागलं. लग्न झालं. वरातीची गाडी, मी दारात पाय ठेवलेला असताना, शांतपणे निघून गेली. आता माझ्या अंगावर कुणी गाडी घालत नाही. माझ्यासाठी थांबतही नाही; गाडी बिचकत नाही म्हणून ड्रायव्हरही ब्रेक मारत नाही. परवा शववाहिका माझ्या कुबडीवर पार्क झाली. शाळेची बस माझ्या चपलेवरून गेली, पोरं हात हलवत होती. कुबड्यांची चालही तेल शिकलं आहे, म्हणून बापू घराबाहेर पडत नाहीत. सन्मती आता मला रस्ता ओलांडून देते, रोज, हात धरून. गाड्या तिला बघून थांबतात, मी तिच्यासोबत वाचतो. एकटा निघालो की नाही. अण्णा या सगळ्याने हळहळतात, पण त्यांच्या मनात माझ्याविषयी काही शिल्लक नाही, आणि तेलाला नसलेलं शिकवता येत नाही. ब्रेक आधी मारला जायचा तो राग आला म्हणून. राग नाही, तर ब्रेक कशाचा?

खात्याकडे तक्रार केली तेव्हा वर सांगितलेलं पत्र आलं. त्यावर मी पाठवलेला अर्ज खाली देत आहे.

मे. सक्षम अधिकारी साहेब यांचे सेवेशी,

अर्जदार धैर्यशील गावडे, राहणार सहावी गल्ली, जयसिंगपूर, विनंती करतो की, अर्जदाराविषयी श्री. भूपाल मगदूम यांच्या मनात असलेला व सध्या पूर्णतः संपुष्टात आलेला राग, किमान आवश्यक प्रमाणात, म्हणजे अर्जदार दिसल्यास वाहनास दखल घेणे भाग पडेल परंतु अर्जदाराचा उर्वरित पाय शाबूत राहील इतका, शासकीय खर्चाने पुन्हा निर्माण करून गावातील सर्व वाहनांच्या तेलात समप्रमाणात मिसळण्याचे आदेश व्हावेत. सदर राग उपलब्ध नसल्यास अन्य कोणाही नागरिकाचा चालेल. तथापि तो खरा असावा, व त्याच नागरिकाने दर वेळी ब्रेक मारल्याचा दाखला अर्जासोबत जोडण्याची अट शिथिल करण्यात येऊ नये, ही विनंती.